चौथ्या माणसाचं फूल

मर्लीन स्पाइव्ही त्या शनिवारी वाचनालयात आली ती नेल्डाच्या केकसाठी. तिने ते लपवलंही नाही. "दीड तास अंधारात बसून माणसं मार खाताना बघायची, तर नंतर तोंडात काहीतरी गोड पडायला हवं गं बाई," असं म्हणत ती दुसऱ्या रांगेत बसली आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स टाकून तिने नेल्डासाठी जागा अडवली.

नेल्डा क्रेनला मात्र सकाळपासून काही गोड लागत नव्हतं. केक तिने नेहमीसारखाच केला होता, भरपूर लोणी आणि सहा अंडी घालून, पण चव बघायची इच्छा झाली नाही. माहितीपट त्यांच्याच गावावर, लॅटिमरवर होता. एकोणीसशे चौसष्ट सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर जे झालं, त्याच्यावर. त्या पायऱ्यांवर त्या दिवशी नेल्डा होती, अकरा वर्षांची. तिचे डॅडीही होते. पडद्यावर डॅडींचा चेहरा दिसणार की नाही, एवढा एकच प्रश्न तीन आठवडे तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

लॅटिमरमध्ये नेल्डाला कधी स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही. 'वेंडल क्रेनची मुलगी' एवढं म्हटलं की बँकेतला माणूस उठून खुर्ची द्यायचा. डॅडींचं औषधांचं दुकान होतं. पुरात पूल वाहून गेला तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यातून औषधं घेऊन पलीकडे गेले होते, ही गोष्ट गावात अजून सांगतात. त्यांच्यामागे ते दुकान नेल्डाने चालवलं, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता. वाचनालयाचा हा हॉलसुद्धा क्रेन घराण्यानेच बांधून दिलेला. दाराशी डॅडींच्या नावाची पितळी पाटी आहे आणि नेल्डा दर शनिवारी ती फडक्याने लख्ख पुसते. आजही पुसली. पुसून झाल्यावर आपण आज हे काय केलं, असं तिला वाटलं.

माहितीपट इथे दाखवावा का, यावर वाचनालयाच्या समितीत मतं घेतली तेव्हा नेल्डानेही हात वर केला होता. का केला म्हणाल, तर शेजारच्या दोघींचे हात वर होते म्हणून. लॅटिमरमध्ये चांगलं आणि वाईट, दोन्ही बऱ्याचदा असंच घडलेलं आहे.

माहितीपट केला होता अटलांटाच्या जॅनेल मॅब्री नावाच्या तिशीतल्या मुलीने. ती थर्मन मॅब्रीची नात. थर्मन त्या रविवारी वीस वर्षांचा होता आणि त्या पायऱ्यांवर त्याचा डावा डोळा गेला. चार वर्षांपूर्वी तो वारला. त्याची धाकटी बहीण अर्नेस्टीन पहिल्या रांगेत ताठ बसली होती, डोक्यावर निळी हॅट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, बसण्यातूनच कळायचं. रक्तदाबाच्या गोळ्या ती नेल्डाच्याच दुकानातून न्यायची. इतक्या वर्षांत दोघींचं बोलणं "आज ऊन फार आहे"च्या पुढे कधी गेलं नव्हतं, आणि यात काही विचित्र आहे असं दोघींपैकी निदान एकीला तरी कधी वाटलं नव्हतं.

दिवे गेले. पडदा उजळला.

सुरुवातीचा तासभर नेल्डाने श्वास अर्धाच घेतला. बसस्थानकावर मार खाणारी काळी पोरं, जळकी बस, रस्त्यावर सोडलेले कुत्रे. हे सगळं दुसऱ्या गावांचं होतं आणि दुसऱ्या गावांची लाज सोसायला सोपी असते. मर्लीन मधूनमधून "अरे देवा" म्हणत होती. मग पडद्यावर लॅटिमरचं चर्च आलं, पांढऱ्या खांबांचं, आणि मर्लीनने कोपराने ढोसलं. "अगं, आपलं!"

त्या वर्षी काळी पोरं रविवारी गोऱ्या चर्चांच्या दारात जाऊन उभी राहत. आम्हाला आत बसून प्रार्थना करू द्या, एवढंच म्हणत. त्यांना अडवायला चर्चच्या दारावर माणसं असत. एरवी हेच लोक हसून हात मिळवणारे, म्हाताऱ्यांना जागेवर नेऊन बसवणारे. त्या रविवारी लॅटिमरच्या दारावर चौघे होते. चर्चच्या जुन्या पत्रकात त्यांची नावं छापलेली होती, आणि जॅनेलने ते पत्रक कुठून तरी मिळवून पडद्यावर मोठं करून दाखवलं. दोन नावं आता कुणाला आठवतही नव्हती. उरलेली दोन होती वेंडल क्रेन आणि होयट स्पाइव्ही. होयट म्हणजे मर्लीनचा बाप, पेट्रोलचा टँकर चालवायचा. मर्लीनचा हात नेल्डाच्या हातावर आला. आपल्या दोघींचेही बाप, असा तो हात होता.

मग ती फिल्म. थर्मनच्या एका मित्राने रस्त्यापलीकडून काढलेली, जेमतेम चाळीस सेकंदांची, मुकी. तिघे तरुण सूट घालून पायऱ्या चढताहेत. पुढच्याच्या बगलेत बायबल. दोन माणसं हाताची घडी घालून उभी, त्यांचे चेहरे स्पष्ट. तेवढ्यात दारातून हॅट घातलेला एक माणूस येतो. त्याच्या हातात उंच खिडक्या उघडायची लांब काठी आहे, टोकाला पितळी आकडा. तो काठी उचलतो. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी आकड्याकडची बाजू. पुढचा तरुण चेहरा धरून खाली बसतो. मारताना तो माणूस अर्धा वळतो. हॅटमुळे चेहरा दिसत नाही, पण कोटावर एक पांढरा ठिपका दिसतो. तिथे फिल्म संपते.

पडद्याच्या डाव्या कडेला लहान मुलीचा एक पांढरा बूट दिसत होता. त्याच्याबद्दल माहितीपटात कुणी काही बोललं नाही.

जॅनेलचा आवाज पुढे सांगू लागला. तो दिवस मातृदिनाचा होता. या भागात त्या दिवशी चर्चला जाताना फूल लावतात. आई हयात असेल त्याने लाल, आई गेलेली असेल त्याने पांढरं. यात कुणी चूक करत नाही. दारावरच्या चौघांपैकी दोघांचे चेहरे दिसतात. उरलेल्या दोघांपैकी वेंडल क्रेन यांच्या आईचं निधन एकोणीसशे एकाहत्तरमध्ये झालं, म्हणजे त्या दिवशी त्यांचं फूल लाल असणार. होयट स्पाइव्ही यांची आई अठ्ठावन्न सालीच गेली होती. आणि त्या रविवारनंतर होयट स्पाइव्ही त्या चर्चमध्ये पुन्हा कधीही दिसले नाहीत. कदाचित त्यांचं मन त्यांना खात असावं.

नेल्डाच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले.' अगदी स्वच्छ, मोठा. डॅडी सुटले, पाटी सुटली, आपण सुटलो. छातीवरचं ओझं उतरलं आणि तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तो श्वास सोडायच्या आतच हातावरचा मर्लीनचा हात थंड पडल्याचं तिला जाणवलं.

पण त्या दिवशी फुलात चूक झाली होती, आणि ती नेल्डाच्या हातून झाली होती. त्या सकाळी दारात परडी घेऊन तीच उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला "लाल की पांढरं?" विचारून कोटाला फूल टाचायचं, हे त्या वर्षी तिचं काम होतं. आया हयात असलेले लोक जास्त निघाले आणि लाल गुलाब संपले. डॅडी सगळ्यांच्या शेवटी आले. परडीत पांढरीच उरली होती. "लाव गं तेच," डॅडी म्हणाले. "तुझी आजी पाय मोडून घरात पडलीये, तिला कोण सांगायला जातंय?"

सांगायला जाणारे लॅटिमरमध्ये कधी कमी नव्हते. दुपारी जेवायच्या आतच आजीला कळलं. "गेलेल्या बाईला वाढता कशाला?" म्हणून तिने ताट सरकवलं आणि आठवडाभर मुलाशी बोलली नाही. पुढे ही घरातली लाडकी गोष्ट झाली. 'वेंडलने आईला जिवंतपणी मारली ते वर्ष.' दर मातृदिनाला कुणीतरी ती काढायचं, आजीची नक्कल करायचं आणि सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. नेल्डाही हसायची. नक्कल तीच सगळ्यात छान करायची. त्या सकाळी अजून काय झालं होतं, हे त्या टेबलावर कुणी कधी काढलं नाही. मारायची गोष्ट होती, फक्त मार खाणारा बदलून टाकला होता.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाही वाजवल्या. पुढे येऊन जॅनेल म्हणाली, "कुणाला काही विचारायचं असेल, सांगायचं असेल, तर..."

मागून एक गृहस्थ काळच तसा होता वगैरे बोलले. असे एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतात. कुणीतरी विचारलं की स्पाइव्ही घराण्याशी बोललात का. जॅनेल म्हणाली, "दोन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही."

"मी ती फाडून टाकली," मर्लीन बसल्या जागेवरून म्हणाली. "मला वाटलं, देणगी मागताय."

कुणीही हसलं नाही. मर्लीन उभी राहिली. बहात्तर वर्षांची जाडजूड बाई, गुडघे कुरकुरणारे, केकसाठी आलेली. खुर्चीची पाठ धरून ती अर्नेस्टीनकडे वळली.

"अर्नेस्टीनबाई, होयट स्पाइव्हीची मुलगी मी. मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या डॅडींनी घरात कधी कुणावर हात उगारला नाही हो. पण चर्चला ते नंतर कधी गेले नाहीत, हे खरंय. रविवारी आम्हाला सोडायचे आणि बाहेर गाडीत बसून राहायचे. आई विचारायची, काय झालंय तुम्हाला, तर म्हणायचे, काही नाही. आता कळलं काय झालं होतं ते." तिने नाक पुसलं. "ते माफी मागायला राहिले नाहीत. त्यांच्यातर्फे मी मागते."

अर्नेस्टीनने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही उभं राहून बोललात," ती म्हणाली. "साठ वर्षांत या गावातून कुणी एवढंही केलं नाही."

नेल्डा खाली बघत होती. जमिनीवरची फरशी नवी होती, गेल्याच वर्षी तिने पसंत केलेली. उद्या एकटीला गाठून सांगू मर्लीनला, असं तिने मनाशी म्हटलं. उद्या मातृदिन, मग परवा. नाहीतर पत्र लिहू. असं ठरवता ठरवता तिला पेट्रोलचा वास आला. इतक्या वर्षांनी, इथे, लोण्याच्या केकच्या शेजारी. काठी पहिल्यांदा उचलली गेली तेव्हा मागून कुणीतरी तिच्या डोळ्यांवर हात धरला होता. त्या मोठ्या, खरबरीत हाताला पेट्रोलचा वास होता. तिने बोटांच्या फटीतून बघितलं होतं.

"मर्लीन, बस खाली," ती म्हणाली.

"काय?"

"बस म्हणते ना. माफी मागायचं काम तुझं नाही." उभं राहताना नेल्डाने पुढची खुर्ची धरली, ती सरकली, आणि सगळ्यांनी वळून बघितलं. "ते फूल माझ्या डॅडींचं होतं. वेंडल क्रेनचं. लाल संपली होती म्हणून पांढरं लावलं. मीच लावलं. त्या फिल्ममध्ये कडेला जो बूट दिसतो तो माझा."



"होयटकाका दारात माझ्या मागे होते, म्हणून ते दिसत नाहीत," नेल्डा म्हणाली. "त्यांनी माझे डोळे झाकले होते. मग स्वतःचं फूल काढून कुंपणात फेकलं आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना चर्चमध्ये बघितलं नाही. डॅडींनी पुढच्या रविवारी त्याच काठीने खिडक्या उघडल्या."

मर्लीन खाली बसली होती. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या बापाला चर्च टाळतो म्हणून आख्खं गाव नावं ठेवायचं. तू माझ्या घरी जेवायला यायचीस, नेल्डा. त्यांच्या शेजारी बसायचीस. तुला माहीत होतं."

"हो."

"आत्ता तो सिनेमा संपल्यावर, मी उभी राहीपर्यंत, तू गप्प बसलीस."

"हो," नेल्डा म्हणाली. "मला बरं वाटलं होतं. सुटलो असं वाटलं होतं."

मर्लीनने पर्स उचलून मांडीवर घेतली. शेजारची खुर्ची मोकळीच होती, पण नेल्डाला बस असं ती म्हणाली नाही.

अर्नेस्टीन उठून वळली. कशाचा आधार न घेता उभी राहिली. "नेल्डाबाई, एक विचारते," ती म्हणाली. "मी त्या दिवशी कोपऱ्यावर गाडीत होते. थर्मनने बजावलं होतं, काही झालं तरी गाडी चालू ठेव, उतरू नकोस. मी उतरले नाही. म्हणून मला काहीच दिसलं नाही. ती फिल्मसुद्धा तिथेच संपते. तो खाली बसल्यावर काय झालं?"

"त्याच्या मित्रांनी त्याला उचललं."

"ते त्यांनी मला सांगितलंय. पायऱ्यांवर काय झालं? तुम्ही लोकांनी काय केलं?"

हे नेल्डाला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. लाल-पांढऱ्याची गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती की त्यापुढची सकाळ झाकून टाकायला ती पुरेशी होती. आता ती सगळी जशीच्या तशी समोर आली.

"फूल पडलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या हिसक्याने टाचणी निघाली असणार. पायरीवर पडलं होतं. मी ते उचललं."

"मग?"

"एका पाकळीला डाग लागला होता. मी तो माझ्या फ्रॉकला पुसला. आतल्या बाजूला, आई रागावू नये म्हणून. आणि फूल परत डॅडींना लावलं. ते खाली वाकले, कारण माझा हात पुरत नव्हता. त्यांना धाप लागली होती. आत पहिलं गाणं सुरू झालं होतं, म्हणून मी घाई केली."

वर्गात मूल अडखळलं की थांबत असेल, तशी अर्नेस्टीन थांबली.

"नीट बसलं का, असं मी त्यांना विचारलं," नेल्डा म्हणाली. "ते म्हणाले, शहाणी गं माझी पोर. आणि गालावर हात फिरवला. मग आम्ही आत जाऊन गायलो." थांबणं आता चाललं नसतं. "दिवसभर मला छान वाटत होतं, अर्नेस्टीनबाई. शहाणी म्हणाले म्हणून. त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच आठवायचं. साठ वर्षं तो माझा चांगला दिवस होता."

टेबलावर केक कापून ठेवला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

अर्नेस्टीनने हॅट सारखी केली. नेल्डाला वाटलं, आता ही निघून जाईल, किंवा काहीतरी बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. पण ती नातीकडे वळली.

"जॅनेल, कॅमेरा गाडीत आहे ना?"

"आहे, आजी."

"घेऊन ये. सिनेमातून होयट स्पाइव्हीचं नाव काढून टाकायचंय आणि हे घालायचंय." मग नेल्डाकडे न बघता तिने तिच्यासाठी एक खुर्ची ओढून भिंतीकडे पाठ करून ठेवली. "यांना पहिल्यापासून परत सांगायला लावू. फुलापासून."

जॅनेलने कॅमेरा लावला. लोक गेले नाहीत. मर्लीनही गेली नाही. पर्स घट्ट धरून ती दुसऱ्या रांगेत बसून राहिली, तिला आपल्या बापावरचा ठपका निघताना ऐकायचं होतं. नेल्डा खुर्चीवर बसली. उघड्या दारातून पितळी पाटी दिसत होती, सकाळी पुसलेली.

"आधी नाव सांगा," जॅनेल म्हणाली. "आणि तुम्ही कोण, ते."

"नेल्डा क्रेन," ती म्हणाली. पुढचे शब्द तिने आयुष्यभर न अडखळता उच्चारले होते, बँकेत, चर्चमध्ये, दुकानाच्या काउंटरमागे. ते आज तोंडातून निघेनात. जॅनेलने कॅमेरा चालूच ठेवला. पहिल्या रांगेत अर्नेस्टीन पर्सवर हात ठेवून बसली होती, तिला घाई नव्हती.

"वेंडल क्रेनची मुलगी," नेल्डा म्हणाली.